पाय दुखतोय म्हणजे दुखतोय

‘वाढीचं वय आहे, पाय दुखणारच. तेल चोळा, झोपेल.’ आजी हे म्हणते, शेजारीण म्हणते, शाळेतल्या बाई म्हणतात, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावता बोलावता डॉक्टरही म्हणतात. महिने उलटले, दुखणं थांबलं नाही, की याच वाक्याला पुढची वाक्यं फुटतात. पोर नाटकी आहे. शाळा बुडवायला निमित्त हवंय. सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. आईच घाबरट, मोबाइलवर नको ते वाचते आणि डॉक्टर बदलत फिरते. रात्री पाय पोटाशी घेऊन रडणाऱ्या मुलाविषयी एवढ्या माणसांचं एकमत होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांनी तो पाय एकदाही हातात घेऊन पाहिलेला नसतो. हे एकमत मला मान्य नाही. ते न पाहता, न विचारता झालेलं आहे आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

वाढीपासूनच सुरुवात करू. मूल सर्वांत झपाट्यानं वाढतं ते पहिल्या वर्षात, आणि नंतर वयात येताना. ज्याला वाढीचं दुखणं म्हणतात ते बहुतांशी या दोन टप्प्यांच्या मधल्या वर्षांत दिसतं, म्हणजे वाढीचा वेग मंदावलेला असताना. हाडं लांब होतात म्हणून दुखतात, याला पुरावा मिळालेला नाही. १८२३ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरानं ही कल्पना मांडली आणि दोनशे वर्षं ती तोंडोतोंडी चालत आली. २०२२ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात या विषयावरच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. या दुखण्याची व्याख्या काय, यावर संशोधकांमध्येच एकवाक्यता नाही आणि बहुतेक व्याख्यांमध्ये वाढीचा उल्लेखही नाही, असं त्यात आढळलं. संशोधक ज्या कारणाचं नाव घेत नाहीत, ते कारण आपण जिन्यात उभ्या उभ्या कशाच्या आधारावर सांगतो?

असं निरुपद्रवी दुखणं नसतंच, असं मी म्हणत नाही. ते असतं, पुष्कळ मुलांना असतं. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चार ते सहा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा ते ३६.९ टक्के मुलांमध्ये आढळलं. पण त्याची ओळख ठरलेली आहे. ते दोन्ही पायांत असतं. पोटऱ्या, नडग्या, मांड्या, गुडघ्यांच्या मागची बाजू दुखते. सांधा दुखत नाही. ते संध्याकाळी किंवा रात्री येतं, मधले काही दिवस येतही नाही, आणि सकाळी मूल अंथरुणातून उठून धावत सुटतं. ते लंगडत नाही. पाय दाबून, चोळून घ्यायला त्याला आवडतं. हे सगळं विचारलं, मुलाला तपासलं, काही वावगं दिसलं नाही, तर डॉक्टरांनी आईबापांना धीर द्यावा आणि घरच्यांनी खुशाल तेल चोळावं. म्हणजे ‘वाढीचं दुखणं’ हा तपासणीच्या शेवटी काढायचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे तो तपासणीच्या आधी, तपासणीऐवजी काढला जातो. माझं भांडण त्याच्याशी आहे.

कारण या वाक्याच्या आड काय काय लपतं ते पाहा. रोज रात्री एकच नडगी दुखते, त्याच जागी, आणि आयबुप्रोफेन दिलं की तासाभरात पोर शांत झोपतं. घरातले म्हणतात, औषधाची सवय लागली. पण मोठ्या माणसांच्या नजरेतून निसटतं ते नेमकं हेच. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची हाडातली एक छोटी गाठ असते, कर्करोगाची नव्हे. तिचा गाभा बहुधा दीड-दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान असतो. डॉ. हेन्री जॅफी यांनी १९३५ मध्ये तिचं वर्णन केलं आणि तेव्हापासून तिची खूण वैद्यकाच्या पुस्तकांत आहे: रात्री वाढणारं, एकाच जागचं दुखणं, ॲस्पिरिनच्या जातीच्या औषधानं चटकन उतरणारं. साध्या एक्स-रेत ती चुकू शकते, सीटी स्कॅनमध्ये सापडते. आज बऱ्याचदा बारीक सुईनं उष्णता देऊन ती जाळतात आणि वर्षानुवर्षांची रात्रीची रड थांबते. हे सापडायला लागतात दोनच प्रश्न: एकच पाय दुखतो का, आणि कुठल्या गोळीनं थांबतो? हे प्रश्न न विचारता आपण त्या मुलाला औषधाचा सवयखोर ठरवतो.

गुडघ्याचं उदाहरण तर मला फार अस्वस्थ करतं. मूल गुडघा दाखवतं, म्हणून गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो नॉर्मल येतो आणि फाईल बंद होते. पण मुलांमध्ये खुब्याच्या सांध्याचं दुखणं गुडघ्यात आणि मांडीत जाणवतं, हे अस्थिरोगतज्ज्ञाला शिकवलेलं असतं. चार ते आठ वर्षांच्या आसपास होणाऱ्या पर्थिस आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि ते डोकं चेपत जातं. १९१० मध्ये लेग, काल्व्हे आणि पर्थिस या तिघांनी हा आजार स्वतंत्रपणे नोंदवला. मुलग्यांमध्ये तो मुलींच्या चौपट-पाचपट दिसतो. वयात येणाऱ्या, विशेषतः वजनदार मुलांमध्ये याच हाडाचं डोकं वाढीच्या कूर्चेवरून घसरतं, आणि तेव्हा दिरंगाई झाली तर खुबा कायमचा जातो. असं मूल जेवायला बसताना मांडी घालायचं टाळतं, उकिडवं बसत नाही. आपल्या घरांत हे रोज दिसतं. आई ते सांगतेही. पण तिच्या बोलण्यातलं ‘मांडी घालत नाही हो’ हे वाक्य लक्षण म्हणून कुणी ऐकत नाही, आणि खुब्याला कुणी हात लावत नाही.

आता नंदुरबारला किंवा गडचिरोलीला चला. तिथल्या आश्रमशाळेतलं मूल रात्री हातपाय ठणकतात म्हणून रडतं, तेव्हा ‘वाढीचं वय’ म्हणणं हा गुन्हा आहे. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांना रक्त कमी पडून असह्य कळा येतात. विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार अनोळखी नाही; भिल्ल, पावरा, गोंड, माडिया समाजांत आणि इतरही काही समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवून. प्राथमिक चाचणी स्वस्त आहे, हायड्रॉक्सियुरिया हे उपयोगी औषध आहे. एवढं असताना वसतिगृहात, घरापासून लांब झोपलेलं ते मूल रात्री उठवणार कुणाला? ज्याला उठवेल त्यानं तरी ‘झोप गप’ म्हणू नये.

आणि एक नाव घेताना माझाही हात थबकतो, पण घ्यायलाच हवं. लहान मुलांतला सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग रक्ताचा आहे आणि त्याचा मुख्य प्रकार दोन ते पाच वर्षांच्या वयात सर्वाधिक दिसतो. त्यात हाडं दुखणं हे पहिलं लक्षण असू शकतं, आणि सुरुवातीला रक्ताची साधी तपासणीही जवळपास नॉर्मल येऊ शकते. सांध्यांचा आजार समजून घाईनं स्टिरॉइड सुरू केलं, तर खरा रोग काही काळ झाकला जातो. पाय दुखणाऱ्या हजारो मुलांतल्या एखाद्यालाच हे असतं. पण वेळेत उपचार मिळाले तर यातली बहुसंख्य मुलं बरी होतात. म्हणूनच ताप, वजन घटणं, फिकटपणा, अंगावर उगाच उठणारे काळेनिळे डाग, सकाळीही न उतरणारं दुखणं, यांची विचारपूस प्रत्येकाच्या बाबतीत व्हायला हवी. दुर्मीळ आहे म्हणून विचारायचंच नाही, हा कुठला न्याय?

यावर प्रतिपक्षाचं सर्वांत भारदस्त उत्तर येतं: प्रत्येक मुलाच्या मागे तपासण्यांचा ससेमिरा लावायचा का? गोरगरिबांनी पैसे कुठून आणायचे? सुया, स्कॅन, दवाखाने यांनी मूल आणखी खचेल त्याचं काय? हा प्रश्न मी हलक्यानं घेत नाही. पण तो मला विचारणाऱ्यांनी आधी आपल्याकडे आज काय चाललंय ते पाहावं. बोलायला, पाहायला वेळ नाही, आणि एएसओची चाचणी मात्र सर्रास लिहिली जाते. ही चाचणी एवढंच सांगते की मुलाला मागे कधीतरी घशाचा एक विशिष्ट जिवाणूसंसर्ग होऊन गेला. शाळेत जाणाऱ्या कितीतरी निरोगी मुलांत ती वाढलेली सापडते. त्या संसर्गामागून येऊ शकणाऱ्या संधिवाताच्या तापाचं निदान करायला १९४४ पासून जोन्स यांचे निकष आहेत आणि २०१५ मध्ये ते सुधारलेही गेले. नुसत्या एएसओवर आणि पायदुखीवर ते कधीच पूर्ण होत नाहीत. तरी त्या एका आकड्यावरून मुलांना दर २१ दिवसांनी पेनिड्युअर या प्रतिजैविकाची दुखरी इंजेक्शनं वर्षानुवर्षं टोचली जातात. दुसरीकडे रक्तातला ‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह आला म्हणून सांध्यांचा आजार नाही असं सांगितलं जातं, आणि लहान मुलांच्या संधिवातात बहुतेकांचा तो निगेटिव्हच असतो. त्या आजाराची खूण असते सकाळचा आखडलेपणा, सहा आठवड्यांहून जास्त टिकणारी सांध्याची सूज. ती डोळ्यांनी पाहायची आणि हातांनी चाचपायची असते.

म्हणजे जास्त तपासण्या आणि कमी तपासणी हे एकाच रोगाचे दोन चेहरे आहेत. मी मागते आहे ती स्वस्तातली गोष्ट. मुलाला चड्डीवर उभं करा. चालायला लावा, टाचांवर, चवड्यांवर. उकिडवं बसवून हात न टेकता उठायला सांगा. मांड्यांवर हात रेटत उठणारं मूल स्नायूंच्या आजाराची वार्ता देत असतं. खुबे फिरवून पाहा. पाठीचा कणा पाहा. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या डॉ. हेलन फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांसाठी ‘पी-गॅल्स’ नावाची अशी तपासणी बसवली आहे. तिला साधारण दोन मिनिटं लागतात, यंत्र लागत नाही. गर्दीच्या ओपीडीतल्या डॉक्टरांवर किती ताण आहे हे मी जाणते. पण दोन मिनिटं नाहीत म्हणून वर्षानुवर्षांची इंजेक्शनं, हे गणित मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

कॅल्शियमचं सिरप आणि डी जीवनसत्त्वाची पुडी यांबद्दलही तेच. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या १८ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या २४ टक्के मुलांत डी जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. कमतरता खरी आहे, ती भरून काढलीच पाहिजे. पण कमतरता भरल्यावरही पाय दुखत राहिला, तर पुन्हा तीच पुडी कशासाठी?

आता ‘नाटका’कडे येते. युक्तिवाद असा: खेळताना विसरतो, पाहुणे आले की विसरतो, मग दुखणं खरं कसं? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी डॉक्टर हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी झालेले सैनिक पाहिले, आणि त्यांतले बहुतेक जण वेदनाशामक मागत नाहीत हे त्यांनी १९४६ मध्ये नोंदवलं. त्या जखमा खोट्या होत्या का? लक्ष दुसरीकडे गेलं, मन गुंतलं, की मेंदू वेदनेचा आवाज कमी करतो. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी त्यामागची यंत्रणा कशी असू शकेल हे मांडलं, तेव्हापासून त्यावर काम चालू आहे. आपली दाढ दुखत असताना लग्नघरातल्या गडबडीत आपणही ती विसरतो आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की ती ठणकू लागते. मोठ्यांना ही मुभा आहे, मुलाला नाही. आणि ज्याला शाळा चुकवायची असते, ते मूल रविवारचं क्रिकेट का सोडेल? सहलीतून नाव का काढून घेईल? मुलगी असेल तर आणखी एक शेरा तयार असतो: वयात येतेय, नखरे वाढलेत. दीर्घकाळची वेदना मुलींमध्ये जास्त दिसते. म्हणजे जिथे दुखणं जास्त आहे तिथेच आपला विश्वास सर्वांत कमी.

मुलांच्या वेदनेवर अविश्वास दाखवण्याचा हा इतिहास जुना आहे आणि तो फक्त अडाण्यांचा नाही. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या नामांकित रुग्णालयांत नवजात बाळांवर मोठ्या शस्त्रक्रिया करताना हालचाल थांबवणारं औषध दिलं जाई, वेदनाशामक मात्र नाममात्र किंवा मुळीच नाही. अर्भकाला वेदना कळत नाही, अशी समजूत होती. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांनी ती मोडली. शस्त्रक्रियेच्या वेळी अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांना फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, काहींना दिलं नाही. दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कितीतरी कमी होता, शस्त्रक्रियेनंतरचे त्रासही कमी होते. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे आलं आणि जगाला आपली पद्धत बदलावी लागली. त्या बाळांना बोलता येत नव्हतं. आपल्या घरातलं सात वर्षांचं मूल तर शब्दांत सांगतंय, बोट ठेवून जागा दाखवतंय. तरी आपण ऐकणार नाही?

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. खरोखरच सगळं विचारलं, तपासलं, करायच्या त्या चाचण्या केल्या आणि काहीच सापडलं नाही तर? अशी मुलं पुष्कळ आहेत. माझी मुलगी त्यांतली एक. तिच्या दोन्ही पायांत सतत कळ असे, आणि कारण आजवर सापडलेलं नाही. एका डॉक्टरांनी तिच्यादेखत मला सांगितलं, ‘हिला काहीही झालेलं नाही.’ बाहेर आल्यावर तिनं विचारलं, ‘आई, मग मी खोटं बोलते का?’ नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच असतो की त्या चाचणीत जे दिसू शकतं ते दिसलं नाही. त्यावरून मूल दुखण्यातून मोकळं झालं असं कुणी ठरवलं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या आणि दुसऱ्या आजारानं न उलगडणाऱ्या वेदनेला स्वतंत्र आजाराचं स्थान आहे. वेदनेवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस जी वेदना सांगतो तिचा मान राखावा, हे त्यासोबत स्पष्ट लिहिलं. मज्जासंस्था अति-संवेदनशील होते, साध्या स्पर्शालाही वेदनेचा निरोप देत राहते. हे ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकायचं प्रकरण नाही. आणि मनाचा त्यात भाग असला तरी काय बिघडलं? झोप उडालेल्या, मैत्रिणी दुरावलेल्या मुलीचं मन पायापासून वेगळं कसं राहील?

पुढे दुसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्या खुर्ची ओढून माझ्याशी नाही, मुलीशी बोलल्या. म्हणाल्या, ‘तुझं दुखणं खरं आहे. कारण मला सापडलेलं नाही. पाय पुन्हा चालते करायला मात्र आपण आजपासून लागू शकतो.’ मग हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, झोपेची वेळ, लोहाची तपासणी, वेदनेशी कसं वागायचं हे शिकवणाऱ्या समुपदेशक, शाळेशी बोलणं, असं सगळं एकत्र सुरू झालं. मुलांच्या दीर्घकालीन वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वंही शारीरिक, मानसिक आणि औषधोपचार यांची अशी जोडच सांगतात. मी ‘डॉक्टर बदलत फिरणारी आई’ होते, हे खरं आहे. फिरले नसते तर ही बाई भेटली नसती. उत्तर शोधणाऱ्या आईबापांना जे हिणवतात, त्यांनी सांगावं की आम्ही नेमकं कोणत्या दारापाशी थांबायला हवं होतं.

म्हणून आता डॉक्टरांकडे आणि शाळांकडे सरळ मागणी आहे. शाळेत आरोग्य पथक येतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळांत वर्षातून एकदा येतं. त्यानं उंची-वजनाबरोबर प्रत्येक मुलाला चालायला लावावं आणि रात्री काही दुखतं का, एवढं विचारावं. कवायतीच्या सरांनी लंगडणाऱ्या मुलाला रांगेतून ओरडून बाहेर न काढता त्याच्या घरी कळवावं. आणि दवाखान्यात पाय दुखतो म्हणून आलेल्या मुलाच्या केसपेपरवर चार ओळी लिहिल्या जाव्यात: आम्ही काय पाहिलं, काय नाही असं ठरलं, काय दिसलं तर त्याच दिवशी परत यायचं, आणि काहीच झालं नाही तरी पुढची तारीख कोणती. ती तारीख लिहिल्याशिवाय, ‘काही नाही, वाढीचं आहे’ म्हणून कुणाही मुलाला घरी पाठवू नका.